तिसऱ्यांदा साचलेलं रक्त: निपाणी भागातलं एक प्रकरण

मेंदूभोवती साचलेलं रक्त ऑपरेशन करून काढलं आणि काही आठवड्यांत ते पुन्हा साचलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "ऑपरेशन नीट झालं नाही का?" बहुतेक वेळा ऑपरेशन नीटच झालेलं असतं. विचारायला हवं ते असं: रक्त साचायला सुरुवात कशाने झाली, आणि ते कारण अजून शिल्लक आहे का? खालच्या प्रकरणात हा प्रश्न तिसऱ्या वेळी विचारला गेला.

मी या भागात जनरल प्रॅक्टिस करते. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. रुग्णालयांची नावं दिलेली नाहीत. रुग्ण बाईंना गल्लीत सगळे आक्का म्हणतात, मीही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

आक्कांचं वय ४७. घरी विड्या वळतात, यजमान तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. गेली काही वर्षं पाळीत फार रक्त जायचं. गर्भाशयात गाठी निघाल्या, हिमोग्लोबिन ७ वर आलं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या आणि मग एका खासगी रुग्णालयात गर्भाशय काढलं. भूल पाठीत सुई देऊन कमरेखाली दिली होती. जागा पटकन सापडली नाही, पाठीत तीन-चारदा टोचावं लागलं, हे त्यांच्या धाकट्या जावेला नंतर आठवलं. कागदावर मात्र भूल कोणती दिली याचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी उठून बसवल्यावर डोकं दुखायला लागलं. मान आखडली, कानात आवाज यायला लागला. "पाठीत इंजेक्शन दिलं की दुखतं, जाईल हळूहळू," असं त्यांना सांगितलं गेलं. ते खोटं नव्हतं. सुईमुळे पाठीच्या कण्यातल्या आवरणाला बारीक भोक पडतं आणि मेंदू व मज्जारज्जूभोवतीचं पाणी त्यातून झिरपतं. तरुण आणि मध्यमवयीन बायकांना हा त्रास जास्त होतो, आणि बहुतेकींचा एक-दोन आठवड्यांत आपोआप थांबतो. आक्कांचा थांबला नाही. घरी गेल्यावर त्या गल्लीच्या टोकाच्या दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या आणून खात राहिल्या. त्या गोळ्यांत ॲस्पिरिन होतं.

साधारण पाचव्या आठवड्यात दुखण्याची तऱ्हा बदलली. आधी बसल्यावर दुखायचं, आता दिवसरात्र दुखायला लागलं. सकाळी उलट्या, चालताना डावा पाय ओढला जायचा, बोलता बोलता डोळा लागायचा. घरच्यांनी गाडी केली आणि कोल्हापूर गाठलं. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास, बेळगाव जवळपास दुप्पट. घाईच्या वेळी आमच्याकडचे लोक उत्तरेकडेच पळतात.

पहिली दोन ऑपरेशनं

सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना जुनं रक्त दिसलं. डॉक्टर याला क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा म्हणतात. मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाच्या, म्हणजे ड्युराच्या आत हे रक्त साचतं. तिथून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत बारीक शिरा गेलेल्या असतात. त्यातली एखादी ताणली जाऊन फुटली की हळूहळू रक्त जमतं. दोन-तीन आठवड्यांचं रक्त स्कॅनवर मेंदूइतकंच करडं दिसतं, आणि दोन्ही बाजूंनी सारखा दाब असला तर मेंदूची मध्यरेषाही जागची हलत नाही. अशा स्कॅनवर नजर चुकू शकते. इथे चुकली नाही, हे त्या रेडिओलॉजिस्टचं श्रेय.

कवटीला दोन्ही बाजूंना भोकं पाडून रक्त काढलं, धुऊन घेतलं, निचऱ्यासाठी नळ्या ठेवल्या. हे सगळं नियमाप्रमाणे झालं. नळीचं महत्त्व पक्कं सिद्ध झालेलं आहे: केंब्रिजमधल्या, २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत नळी ठेवलेल्यांपैकी ९.३ टक्के रुग्णांत रक्त पुन्हा साचलं, न ठेवलेल्यांत २४ टक्के.

आक्का सुधारल्या, पाय उचलायला लागल्या. तीन आठवड्यांनी डोकेदुखी परत आली. उजव्या बाजूला पुन्हा रक्त. या वेळी कारण शोधताना ॲस्पिरिनच्या गोळ्या सापडल्या आणि सगळ्यांना उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना निकामी करतं आणि नव्या प्लेटलेट्स तयार होईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, त्याचा परिणाम टिकतो. म्हणून हे कारण पटण्यासारखं होतं. गोळ्या बंद केल्या, थोडं थांबून त्याच भोकातून रक्त काढलं आणि आक्कांना घरी सोडलं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वळणबिंदू हाच. एक खरं कारण सापडलं आणि शोध तिथेच थांबला. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो हे बरोबरच. पण ४७ वर्षांच्या, डोक्याला मार न लागलेल्या, दारू न पिणाऱ्या बाईला दोन्ही बाजूंना सबड्यूरल का व्हावं, हे त्याने सुटत नव्हतं. हा आजार मुख्यतः सत्तरीच्या पुढचा. वयाने मेंदू आक्रसतो, शिरा ताणल्या जातात, आणि न्हाणीत घसरल्याचं निमित्तही पुरतं. आक्कांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

अडचण समोर आली ती अशी

दुसऱ्या ऑपरेशननंतर ड्रेसिंगसाठी आक्का माझ्याकडे आल्या. बाकावर बसल्या आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "डॉक्टरबाई, डोकं लई जड येतंय. जरा आडवी हू का?" तपासणीच्या टेबलावर पडल्या आणि थोड्याच वेळात चेहरा सैल झाला. मी विचारलं, असं कधीपासून होतंय?

"पिशवी काढल्यापास्नंच. आडवं पडलं की उतरतंय. सूप मांडीवर घेऊन विड्या वळाय बसलं की परत चढतंय."

हे कोल्हापूरला सांगितलं होतं का, असं विचारल्यावर यजमान म्हणाले, "त्यास्नी डोक्याचं इचारलं, आम्ही डोक्याचं सांगितलं. पोटाच्या आप्रेशनाचं कशाला सांगायचं?"

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. डोक्याच्या डॉक्टरांना गर्भाशयाची गोष्ट सांगायची असते, हे कुणाच्या मनात येणार? गर्भाशयाचे कागद एका पिशवीत, डोक्याचे दुसऱ्या पिशवीत. मी दोन्ही पिशव्या मागवून घेतल्या. मेंदूच्या पहिल्या ऑपरेशनच्या टिपणात दोन ओळी होत्या: आवरण उघडल्यावर द्रव जोराने आला नाही, आणि रक्त निघाल्यावरही मेंदू वर आला नाही. वॉर्डमधल्या नर्सच्या नोंदीत होतं की आडवं ठेवलं तेव्हा रुग्णाला आराम होता, तिसऱ्या दिवशी बसवल्यावर डोकं दुखलं. हे सगळं लिहिलेलं होतं, फक्त एकत्र वाचलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नवा सीटी काढला. तिसऱ्यांदा रक्त, दोन्ही बाजूंना. उजवीकडे १३ मिलिमीटर, डावीकडे ९. या वेळी ॲस्पिरिन नव्हतं.

कारणं कशी तपासली

आता कुठे जायचं, हा घरच्यांचा प्रश्न पैशांचा होता. पहिल्या दोन वेळी कार्ड चाललं नव्हतं आणि जावेचं गंठण गहाण पडलं होतं. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेच्या कार्डावर उपचार व्हावेत म्हणून सरकारी दवाखान्यातून रेफरल चिठ्ठी घेतली आणि तवंदी घाट चढून बेळगावला नेलं. सोबत मी एक पानभर पत्र दिलं. वरच ठळक लिहिलं: डोकेदुखीची सुरुवात पाठीतल्या भुलीनंतर, बसल्यावर वाढते, आडवं झाल्यावर उतरते.

बेळगावच्या न्यूरोसर्जननी पत्र वाचलं, पण लगेच त्यावर विसंबले नाहीत, आणि ते मला योग्य वाटतं. रक्त पुन्हा साचण्याची कारणं त्यांनी एकेक करून पाहिली.

पहिली शक्यता, रक्त गोठण्यातला दोष. पाळीत वर्षानुवर्षं अति रक्त जाणं हे व्हॉन विलेब्रांड आजाराचं लक्षण असू शकतं, आणि गाठी सापडल्या की तो शोधायचं राहून जातं. प्लेटलेट्स २.४ लाख, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) १.०, व्हॉन विलेब्रांडची तपासणी ठीक. फॅक्टर तेरा या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचीही तपासणी केली. त्याची कमतरता नेहमीच्या गोठण-चाचण्यांत दिसतच नाही, सगळं नॉर्मल येतं आणि रुग्णाचा रक्तस्राव थांबत नाही. तीही ठीक आली. यकृत, मूत्रपिंड ठीक.

दुसरी शक्यता साचलेल्या रक्ताच्या स्वतःच्या रचनेची. जुन्या रक्ताभोवती शरीर एक पापुद्रा तयार करतं. त्या पापुद्र्यात सूज असते, नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि झिरपत राहतात. शिवाय आतला द्रव गुठळी विरघळवणाऱ्या द्रव्यांनी भरलेला असतो. त्यामुळे पुन्हा मार न लागताही साठा वाढतो. पापुद्र्यांचे कप्पे झाले असतील तर एका भोकातून सगळं निघत नाही. ऑपरेशननंतर कवटीत हवा राहिली, किंवा फार दिवस दबलेला मेंदू परत फुलला नाही, तरी रिकामी जागा रक्ताने भरते. नेहमीच्या, वयस्क रुग्णांत ही कारणं मोठी असतात, आणि ऑपरेशननंतर दहातल्या एक-दोन जणांना पुन्हा रक्त साचतं ते बहुधा याच मार्गाने.

क्वचित ड्युरामधल्या रक्तवाहिन्यांची चुकीची जोडणी किंवा ड्युरावर पसरलेला कर्करोग असतो. कधी मेंदूतलं जास्तीचं पाणी काढायला पूर्वी बसवलेली शंट-नळी गरजेपेक्षा जास्त पाणी ओढत असते. आक्कांना शंट नव्हती, बाकीचं एमआरआयवर कळणार होतं.

राहिली ती पाण्याची गळती. कवटीत मेंदू, रक्त आणि पाणी यांची जागा ठरलेली असते. पाणी कमी झालं की मेंदू खाली सरकतो, वरच्या शिरा ताणल्या जातात, आणि मोकळी जागा भरून काढायला रक्त आणि द्रव जमतात. गळती चालू असताना वरून रक्त काढत राहणं म्हणजे तळाला भोक असलेल्या टाकीचं झाकण पुन्हा पुन्हा बदलणं.

मेंदूचा आणि संपूर्ण कण्याचा एमआरआय केला. औषध टोचल्यावर ड्युरा सगळीकडे जाड आणि उजळ दिसला. पण दोनदा कवटी उघडलेल्या रुग्णात ड्युरा ऑपरेशनमुळेही तसा दिसू शकतो, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्यावर थांबले नाहीत. मेंदूचा खालचा भाग नेहमीच्या पातळीपेक्षा उतरलेला होता, आणि कमरेच्या मणक्यांजवळ आवरणाच्या बाहेर पाण्याची लांबट पट्टी होती. या दोन गोष्टींनी निर्णय झाला.

समोरचे पर्याय

पर्यायांवर संध्याकाळी बराच वेळ चर्चा झाली. न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ, घरचे लोक, आणि फोनवर मी.

तिसऱ्यांदा नुसतं रक्त काढणं सगळ्यात सोपं होतं, पण चौथ्यांदा साचणार हे जवळपास दिसत होतं. कवटीचा तुकडा उघडून पापुद्रे काढणं हे मोठं ऑपरेशन, आणि पापुद्रा हा इथे परिणाम होता, मूळ नव्हतं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा विषय यजमानांनीच काढला. कुणीतरी त्यांना "सूज उतरवायच्या गोळ्या" सुचवल्या होत्या. ब्रिटनमधल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत या औषधाने पुन्हा ऑपरेशन करायची वेळ कमी जणांवर आली, ७.१ ऐवजी १.७ टक्क्यांवर. पण सहा महिन्यांनी निदान आधाराशिवाय चालू शकणाऱ्यांचं प्रमाण औषध न घेतलेल्या गटात जास्त होतं, ९०.३ टक्के विरुद्ध ८३.९. ते बाजूला ठेवलं.

ड्युराला रक्त पुरवणारी मिडल मेनिंजियल धमनी आतून बंद करण्याचा उपाय अलीकडे पुढे आला आहे. पापुद्र्यातल्या नाजूक वाहिन्यांना हीच धमनी पोसते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'एम्बोलाइझ' चाचणीत ऑपरेशनच्या जोडीला हा उपाय केलेल्यांत ९० दिवसांत पुन्हा ऑपरेशनची गरज ४.१ टक्के जणांना लागली, न केलेल्यांत ११.३ टक्के. वयस्क रुग्णात वारंवार रक्त साचत असेल तर मी याबद्दल नक्की विचारायला सांगेन. आक्कांची गळती त्याने बंद होणार नव्हती.

उरला एपिड्यूरल ब्लड पॅच. रुग्णाच्याच हातातून रक्त घेऊन पाठीत, आवरणाच्या बाहेर सोडायचं. ते तिथे गोठून भोक बुजवतं.

खरी कसोटी क्रमाची होती. पॅच दिला की कवटीतला दाब वाढतो. वर १३ मिलिमीटर रक्त असताना दाब एकदम वाढला तर रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. उलट, आधी रक्त काढलं आणि गळती तशीच राहिली तर मेंदू आणखी खाली येतो. आक्का शुद्धीवर होत्या, सूचना पाळत होत्या, पण मधूनमधून गुंगत होत्या. गुंगी वाढत असती तर एमआरआयलाही न थांबता रक्त काढावं लागलं असतं, हे न्यूरोसर्जननी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांच्या स्थितीत एक दिवस हातात होता.

जे केलं

एकाच दिवशी, एकाच थिएटरमध्ये दोन्ही. आधी पॅच: भूलतज्ज्ञांनी १८ मिलिलिटर रक्त सावकाश सोडलं, पाठीत दाब जाणवताच थांबले. डोक्याची तयारी करूनच ठेवलेली होती. लगेच उजव्या बाजूचं रक्त काढलं आणि नळी ठेवली, पण तिला खेच दिली नाही, नुसत्या उताराने निचरा होऊ दिला. डावीकडचं ९ मिलिमीटर तसंच ठेवलं. त्यावर मतभेद होते. गळती थांबली तर ते आपोआप जिरेल, असा न्यूरोसर्जनचा अंदाज होता.

या वेळी रक्त काढल्यावर मेंदू वर आला.

दोन दिवस सपाट झोपवलं, मग टप्प्याटप्प्याने बसवलं. घरी सोडताना सूचना तोंडी दिल्याच, मराठीतून कागदावरही लिहून दिल्या: सहा आठवडे घागर, पोतं, सिलिंडर उचलायचा नाही, वाकून झाडलोट नाही, शौचाला जोर द्यावा लागू नये म्हणून औषध, ॲस्पिरिनची किंवा दुकानातली कुठलीही डोकेदुखीची गोळी नाही.

निष्पत्ती

बसल्यावरची डोकेदुखी तिसऱ्या दिवशी गेली. सहा आठवड्यांच्या सीटीत डावीकडे पातळ थर उरला होता, उजवीकडे जवळजवळ काही नाही. तीन महिन्यांनी दोन्ही बाजू स्वच्छ.

सगळं पूर्ववत झालं असं मात्र नाही. डाव्या हाताची बोटं मंद झाली आहेत. विडीला दोरा गुंडाळताना ती लागतात. पूर्वी दिवसाला हजार विड्या व्हायच्या, आता निम्म्यावर येऊन हात थकतो, आणि मजुरी हजारी असल्यामुळे तेवढाच पैसा कमी येतो. गंठण अजून सुटलेलं नाही. विस्मरणाची तक्रार आहे, ती महिन्यामहिन्याने कमी होते आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी पहिल्या पंधरवड्यात होती. पाठीतल्या भुलीनंतरची डोकेदुखी पंधरा दिवसांत थांबत नसेल, तर भूलतज्ज्ञांनी रुग्णाला पुन्हा पाहायला हवं. तेव्हाच पॅच दिला असता तर पुढचं बरंच टळलं असतं, असं मला वाटतं. पण लहान गावांतल्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, भूल देऊन दुसऱ्या रुग्णालयात जातात. रुग्णाने डोकेदुखी सांगायची कुणाला? डिस्चार्ज कार्डावर भुलीचा प्रकार आणि भूलतज्ज्ञांचा फोन नंबर असावा, ही मागणी मी आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत मांडली आहे. टोकाला निमुळती, तंतू न कापता बाजूला सारणारी बारीक सुई वापरली तर हा त्रास बराच कमी होतो. ती थोडी महाग पडते, तरी वापरावी.

दुसरी संधी दुखण्याची तऱ्हा बदलली तेव्हा. बसल्यावर दुखणारं डोकं अचानक आडवं पडूनही दुखायला लागलं, उलट्या, गुंगी किंवा एका बाजूचा अशक्तपणा आला, तर तो आराम पडल्याचा नव्हे, धोक्याचा बदल आहे. त्याच दिवशी सीटी हवा.

पहिल्यांदा रक्त पुन्हा साचलं तेव्हाच, ॲस्पिरिन सापडूनही, वय आणि दोन्ही बाजूंचं रक्त या दोन गोष्टींनी थांबवायला हवं होतं. साठीच्या आतला रुग्ण, मार नाही, दोन्ही बाजूंना सबड्यूरल: इतकं जमलं की गळतीचा विचार व्हावा, पाठीत कधीच सुई न गेलेल्या रुग्णातही, कारण कण्यातली गळती आपोआपही होते.

डावी बाजू न काढण्याचा निर्णय बरोबर ठरला, पण तो सहज उलटाही गेला असता. त्या सहा आठवड्यांत घरच्यांनी काय पाहायचं हे लिहून दिलं होतं आणि रोज संध्याकाळी धाकटी जाऊ मला फोन करायची. बेळगाव तासा-दीड तासावर आहे म्हणूनच हा धोका पत्करता आला. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या एखाद्या वाडीवर, पावसाळ्यात, मी डावीकडचंही रक्त काढून घ्यायला सांगितलं असतं.

आक्कांना पुढे कधी ऑपरेशन लागलं, तर पाठीत सुई द्यायची की नाही हे तेव्हाचे भूलतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्यासाठी पॅच आणि गळतीची नोंद असलेला कागद आता दोन्ही पिशव्यांत आहे, आणि त्याचा फोटो दोन्ही मुलींच्या फोनमध्ये.